सर्वांना एकच तक्ता कसा चालेल?

महोदय,

कोपरखैरणे येथील आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर एका व्यायामशाळेने रोज १२०० कॅलरींच्या आहाराचा तक्ता लावला असून तो ‘सर्वांसाठी’ असल्याचे त्यावर ठळकपणे छापले आहे. आमच्या मजल्यावरील एक तरुणी, जिचे बाळ जेमतेम चार महिन्यांचे आहे, तो तंतोतंत पाळते आहे. दुपारी दोन फुलके, वाटीभर बिनतेलाची भाजी आणि ताक, भात वर्ज्य. हे पाहून गप्प बसवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात लागणाऱ्या उष्मांकांपैकी साधारण ६० ते ७० टक्के उष्मांक हृदय, मेंदू, यकृत यांचे काम अखंड चालू ठेवण्यात आणि शरीराचे तापमान राखण्यातच खर्च होतात. सुमारे १० टक्के अन्नपचनासाठी लागतात आणि उरलेले हालचालींसाठी. विश्रांतीच्या अवस्थेतील या गरजेचा अंदाज बांधण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जोर सूत्र आहारतज्ज्ञ वापरतात : वजनाच्या किलोंची दहापट अधिक उंचीच्या सेंटिमीटरांची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा, आणि पुरुष असल्यास ५ मिळवायचे, स्त्री असल्यास १६१ वजा करायचे. ५५ किलो वजनाच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या तीस वर्षांच्या स्त्रीसाठी हे उत्तर सुमारे १२०८ येते. म्हणजे दिवसभर अंथरुणावर पडून राहिली तरी तिला जेवढे लागेल, तेवढेही हा तक्ता देत नाही. ६५ किलो वजनाच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या समवयस्क पुरुषाला तर नुसत्या विश्रांतीतच १५६७ लागतात.

सूत्राचे उत्तर हा शेवटी अंदाजच. समान वजनाच्या दोघांत ज्याचे स्नायू अधिक, त्याची गरज अधिक असते. ताप आणि थायरॉईडचे विकार यांनीही ती बदलते.

खरा मोठा फरक कामाने पडतो आणि तो नवी मुंबईइतका ठळकपणे क्वचितच कुठे दिसत असेल. वाशीच्या बाजार समितीत पहाटेपासून ५० किलोच्या गोण्या पाठीवर वाहणारा माथाडी कामगार आणि ऐरोलीच्या कार्यालयात नऊ तास संगणकासमोर बसणारा अभियंता यांचे वय, वजन, उंची सारखी असली तरी त्यांचे ताट सारखे असू शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११० आणि अतिश्रमाच्या कामासाठी ३४७० किलोकॅलरी (म्हणजे आपण बोलण्यात ज्यांना नुसते कॅलरी म्हणतो त्याच) धरल्या आहेत. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १६६० आणि स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यावर आणखी ६०० सांगितल्या आहेत. आमच्या शेजारणीची गरज त्या हिशेबाने २२६० च्या घरात जाते. तक्ता तिला त्याच्या जेमतेम निम्मे देतो आणि त्यातच तिला बाळाला दूध पाजायचे आहे.

वजन कमी करू इच्छिणाऱ्यांना माझा विरोध नाही. मात्र वय, उंची, वजन, कामाचे स्वरूप, आजार, गर्भारपण वा स्तनपान यांची विचारपूस केल्याशिवाय कोणाच्याही हाती तक्ता देऊ नये. महापालिकेच्या आरोग्य विभागाने व्यायामशाळांना तशी स्पष्ट सूचना द्यावी. आपल्या आरोग्यविषयक पानावर परिषदेचा संपूर्ण तक्ता, बाळंतिणींसाठीच्या वाढीव आकड्यांसह, छापावा अशी विनंती आहे. तो मी स्वतः आमच्या सूचना फलकावर लावीन.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई