तांबड्या बुचाचं दूध

वाळपई, १८ नोव्हेंबर

चि. मेधा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की आईनं, यावर घरात अजून एकमत नाही. ती म्हणते रेंज गेली. रेंज गेली तर माणूस परत लावतो. तीन दिवस कोणीच लावला नाही, म्हणून हे पत्र. लिहून झालं की शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवीन. अक्षर लावून घे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. तू तिकडे इंग्लंडात फॅट काढलेलं दूध पितेस, त्यावर 'ते दूध नव्हे, भांडं विसळलेलं पाणी' हे आई म्हणाली खरी, पण ते वाक्य माझं. एकतीस वर्षं दूध सोसायटीत मी हेच बोलत आलो. आपल्या घरात फॅट हा चांगला शब्द होता. फॅट जास्त तर दर जास्त. म्हशीला ७ लागलं तर कमळाकाकू दिवसभर हसत असे, आणि ५.५ वर आलं की सरकीची पेंड वाढवू का म्हणून विचारायला संध्याकाळी दारात हजर. लोकांच्या दुधातलं फॅट मोजून तुझ्या फिया भरल्या. आता तू ते काढून टाकलेलं दूध पैसे देऊन घेतेस म्हटल्यावर जीवाला लागणारच ना गो.

तुला ती फॅट मोजायची नळी आठवते? दहा मिलि ॲसिड, वर १०.७५ मिलि दूध, एक मिलि अल्कोहोल, मग बूच. हलवली की नळी अशी तापे की फडक्यात गुंडाळल्याशिवाय धरवत नसे. आतलं सगळं चॉकलेटी व्हायचं. मशिनात पाच मिनिटं फिरवून गरम पाण्यात ठेवली की वर मानेत पिवळीधमक पट्टी उभी राहायची, तेलासारखी स्वच्छ. तू सात-आठ वर्षांची. ॲसिडला हात लावायचा नाही या अटीवर उभी राहायचीस आणि आकडा वाचायचीस, 'सहा पॉइंट चार!', अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा. भाऊकाकाचा ३.१ सुद्धा तसाच ओरडलीस. त्यानं आधी साय काढली होती. साय काढली की लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता बघायचं ते तरंगतं यंत्र, वर चढतो, मग बेतानं पाणी घालून तो जागेवर आणायचा. लॅक्टोमीटर फसतो, नळी फसत नाही. त्या वर्षी चवथीला तो आपल्याकडे आला नाही. आईनं मला दोष दिला, तुला नाही.

हे सगळं कशाला लिहीत बसलो? दुधाचंच लिहायचं होतं.

तर तुझं बरोबर आहे, एवढं मान्य. फॅट गेलं तरी एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, राहतं, हे मला कोणी शिकवायला नको. प्रोटीन, कॅल्शियम सगळं तुझ्या तांबड्या बुचाच्या दुधात शाबूत आहे. पाणी म्हणणं हा अन्याय झाला. पण ए आणि डी ही जीवनसत्त्वं फॅटबरोबर जातात, आणि तुझ्या लीड्सला आता दुपारी चारलाच काळोख पडतो म्हणतेस. तिथलं सरकारच सांगतं की ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार सगळ्यांनी करावा. घेतेस का? विचार नव्हे, गोळी.

आणि हिशेब कर. २०० मिलि दुधात अख्ख्या दुधाचं फॅट सात ग्रॅम, तुझ्यात जवळपास शून्य. नवानं गुणलं की साठेक कॅलरी. एका चपातीच्याही नाहीत. एवढ्यासाठी माणूस चहा निळा करून पितो? मधलं हिरव्या बुचाचं आहे ना, पावणेदोन टक्क्यांच्या आसपासचं. ते घेतलंस तर काय बिघडेल? तुमच्याकडे पाकिटावर तांबडा रंग म्हणजे धोका आणि दुधाच्या बाटलीवर तांबडं बूच म्हणजे सगळ्यांत सडपातळ, हे कोणी ठरवलं देव जाणे.

भाषण झालं. माफ कर.

खरं सांगू? दुधाचं एवढं नाही. तू पायऱ्यांवर बसलीस, ते.

श्रुतीनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. ती दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला बोलत होती आणि बोलता बोलता 'आता बरी आहे ती' असं म्हणून गेली. आता बरी म्हणजे आधी काय, हे विचारणारच ना मी. आईला यातलं काही माहीत नाही. तिला फक्त व्हिडिओवर तुझी गळ्याची हाडं दिसतात, म्हणून ती दुधावर घसरते.

मी मनात जुळवून पाहिलं. जुलैत मला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, दोन स्टेंट पडल्या. तू सप्टेंबरात गेलीस. जाताना आईनं केलेल्या नारळाच्या रसातल्या गोड मणगण्याला हात लावला नाहीस. म्हणालीस, बाबा खात नाहीत तर मी पण नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. पथ्य मला सांगितलंय गो, तुला नाही. मी बासष्ट वर्षांचा, तीस वर्षं विडी ओढलेला, रोज माशांच्या हुमणाला अर्धा नारळ आणि वर खारें, म्हणजे खारवलेली सुकी मासळी. तू सव्वीस वर्षांची, दोन मजले चढून बसावं लागतं!

डॉक्टर म्हणाले होते मुलांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. तू घेतलंस, 'सगळं नॉर्मल' म्हणालीस. आकडे पाठव. आयुष्यभर आकडे वाचलेत मी, 'नॉर्मल' हा आकडा नव्हे. हिमोग्लोबिन पण हवं.

इथलं सांगतो. दिवाळीला आईनं फोव (पोहे) केले, ताकातले, रसातले, दुधातले. मला दुधातले दिले ते डबल टोन्डचे, दीड टक्क्याचं दूध, पिशवीतलं. एके काळी ज्याच्या हातून कुर्टीच्या डेअरीला टँकर भरून जायचा, तो आता सकाळी गाड्यावर पिशवी मागतो. पहिल्या दिवशी दुकानदारानं तोंडाकडे बघितलं. दूध पाहुण्यांसाठी का म्हणाला. तांबडी गाय विकली तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. एक ती गावठी पांढरी ठेवली आहे, आता तिच्या जातीला श्वेतकपिला नाव मिळालंय, दीड-दोन लिटर देते आणि मिजास म्हशीची. तिचं दूध आई पिते, माझ्यासमोर नाही.

डायटिशियन बाईनं मला जे सांगितलं ते तुला सांगतो, उपदेश म्हणून नव्हे. ती म्हणाली, चहातल्या दुधावर पहारा ठेवता आणि बेकरीची बिस्किटं, पापड, खारें, तळणी मोकळी सोडता. माझा चेहरा उतरला. तेव्हा तूही लो-फॅट लिहिलेलं फळांचं दही घेतेस ते मागच्या बाजूनं वाचून बघ. चार ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. फॅट काढलं की चव लागायला काहीतरी घालावंच लागतं, भाऊकाका पाणी घालायचा, हे साखर घालतात. आणि मासळी खा. तिथे मॅकरल मिळतो, तो आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, त्यातलं तेल काळजाला चांगलं. सोमवार पाळ हवं तर, बाकीचे दिवस कशाला पाळतेस?

परत भाषण. तुला नोकरी करून शिकताना बघून मी सगळ्या वाड्यावर सांगत फिरतो, तेही जरा कमी करायला हवं. परवा वाचनालयात एकानं विचारलं, मुलगी काय खाते तिथे? मी म्हटलं, सगळं मिळतं. पुढे काय सांगावं ते सुचलं नाही.

शाणूमामाचा मुलगा ५ तारखेला निघतो. त्याच्याकडे सोलां (आमसुलं), उकडे तांदूळ, सुकी मिरची आणि हळदीची पूड पाठवतो. आईनं तुपाची बाटली भरली होती, मोज्यात गुंडाळून. मी काढली. दूध-तूप आपल्याकडून तिथे नेऊ देत नाहीत, विमानतळावर पोराला त्रास नको. आई दोन तास बोलली नाही, मग म्हणाली, तूप नाही तर पेजेवर घालणार काय ती? मला उत्तर आलं नाही. तू तिला फोन करून सांग, काय घालतेस ते. काहीही सांग.

तुझा,
बाबा

ता. क. ते पायऱ्यांवरचं पुन्हा झालं का? एका शब्दात कळव, माझ्या फोनवर. आई तिच्या फोनमध्ये बघते, माझ्यात बघत नाही.