सायलेन्सरची ‘माती’ विकत कोण घेतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना दुपारचे डबे पोचवते. रोजचे १३० डबे, शनिवारी थोडे कमी. २०२० च्या दसऱ्याला कर्ज काढून मारुतीची इको घेतली. मागच्या दोन सीट काढून तिथे डब्यांचे क्रेट लावले. गेल्या वर्षी शेवटचा हप्ता फिटला तेव्हा गाडीला हार घातला होता. त्या गाडीच्या बाबतीत गेल्या महिन्यात जे झालं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पहाटे पाचला मी भाजीला पंचवटीच्या मार्केट यार्डात जाते. त्या दिवशी किल्ली फिरवली आणि गाडी अशी काही गरजली की गल्लीतली कुत्री उठली, समोरच्या दोन घरांत दिवे लागले. गाडी सीएनजीवरची, त्यामुळे पहिला विचार आला तो टाकीचाच. घाबरून बंद केली, लांब जाऊन उभी राहिले. मग मुलाने मोबाइलचा उजेड धरला आणि आम्ही दोघं वाकलो. पाइप मधेच संपला होता. सेन्सरची वायर कापलेली, टोक लोंबत होतं. जमिनीवर दोन नट शेजारी शेजारी पडले होते, आणि त्यांच्या बाजूला तेलाच्या डब्यांचा एक खोका उलगडून अंथरलेला. त्यावर पाठीचा आकार उमटलेला स्पष्ट दिसत होता. तो खोका मीच आदल्या रात्री भंगारवाल्यासाठी गेटबाहेर ठेवला होता. माझ्या दारात, माझ्याच पुठ्ठ्यावर पाठ टेकून कोणीतरी निवांत काम करून गेलं, आणि आम्ही आत झोपलेलो. अजून रात्री दीड-दोनला जाग येते आणि मी खिडकीत जाऊन गाडीखाली बघते.

आमचे नेहमीचे गॅरेजवाले भाऊ आले. एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, माती नेली.’ मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि नंतर मीही वाचून काढलं. आपण सगळ्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, पण चोराला हवा असतो तो त्याच्या जोडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पत्र्याच्या डब्यात बसवलेली ती चिनी मातीसारखी एक वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी, आरपार बारीक छिद्रांची. छिद्रांच्या आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. सगळा मिळून काही ग्रॅम. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं इंधन, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं या थरावरून जातात आणि बाहेर पडेपर्यंत त्यांचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन झालेला असतो. चोर डबा फोडतात, वीट कुटतात. त्या भुकटीला भंगाराच्या धंद्यात ‘माती’ म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास पोचला होता, आणि धातूच्या बाजारातला औंस म्हणजे जेमतेम ३१ ग्रॅम. पुढे भाव बराच उतरला, पण तोवर ‘माती’च्या धंद्याचा जम बसला होता. तो काही उठला नाही.

इकोच का, असंही मी विचारलं. भाऊंनी गाडीखाली हात घालून दाखवलं. गाडी जमिनीपासून उंच, जॅक लावावा लागत नाही, नट सरळ पान्याला येतात. शिवाय या गाड्या डबेवाल्यांच्या, शाळेच्या पोरांच्या, बेकरीवाल्यांच्या, रुग्णवाहिकेच्या. पार्किंग असलेल्या सोसायटीत त्या क्वचितच उभ्या राहतात. रात्रभर रस्त्यावरच. पुण्यात आणि गुजरातेत इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. वाचून पान उलटलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम लिहायला बसले, ती. तक्रार द्यायला गेले तेव्हा कागदावर आधी लिहिलं गेलं: ‘जुना वापरता सायलेन्सर, अंदाजे किंमत ४,५०० रुपये.’ लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. सायलेन्सर म्हटल्यावर कोणालाही तेवढाच वाटतो. पण माझ्या चुलतभावाने, तो वकिलाकडे कारकून आहे, फोनवर मला थांबवलं. म्हणाला, ‘अक्का, तो आकडा तसा राहू देऊ नकोस.’ १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात चोरीचं कलम ३०३ आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आणि चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे त्या एका आकड्यावर माझी तक्रार नुसती ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, होऊन फायलीत गेली असती. मी परत गेले, सर्व्हिस सेंटरवरून नव्या भागाचं लेखी कोटेशन आणलं. सेन्सर आणि मजुरी धरून ते ४० हजारांच्या वर होतं. ते जोडल्यावर गुन्हा नीट नोंदवला गेला. ज्यांची ज्यांची ही चोरी झाली असेल, त्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, कोटेशन घेतल्याशिवाय ठाण्यात जाऊ नका, आणि कागदावर ‘सायलेन्सर’ एवढंच लिहू देऊ नका. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह’ हे शब्द घाला.

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. माझा पूर्ण विमा होता, पण गाडीला पाच वर्षं झाली की धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा धरतात. घसारा न कापणारं ‘झीरो डेप’ संरक्षण घेतलेलं नव्हतं. बाकीचा हिशोब वाचकांनीच करावा.

नवा भाग यायला ११ दिवस लागले. डबे ११ दिवस बंद ठेवले असते तर निम्मी गिऱ्हाइकं गेली असती, म्हणून तोवर साधा पोकळ पाइप जोडून गाडी चालवली. हे मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी वसाहतीतल्या एका दादाने डबा उघडून सांगितलं, ‘मावशी, पोळीला वास येतोय.’ मी घरी येऊन पोळीचा कपडा नाकाला लावला. खरंच येत होता, धुराचा, नाकात झोंबणारा. जो धूर मी सिग्नलला उभी असताना शेजारच्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडावर सोडत होते, तोच पोळ्यांत शिरला होता. पुढचे आठ दिवस मी क्रेटवर दुहेरी प्लास्टिक घातलं, पण त्या पोराच्या तोंडावर काय घालणार होते? दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून. इतक्या वर्षांत हवेसाठी जे कमावलं, ते एका पान्याने एका रात्रीत काढून नेतात. आणि मला ठाऊक आहे की कित्येक जण तो पोकळ पाइप कायमचाच ठेवतात, कारण ४० हजार कुठून आणायचे? काही मालक तर स्वतःच माती काढून विकतात. त्यांनी एकदा आपल्याच गाडीच्या मागे पाच मिनिटं उभं राहून बघावं.

चोर पकडले गेले तरी पुढच्या आठवड्यात दुसरे येतात. पान्याचं काम कोणीही शिकतं. पण ती माती घरात ठेवून चोराला काय करता येतं? त्याला भट्टी लागते, रसायनं लागतात, धातू वेगळा काढणारा माणूस लागतो. चोराच्या हातातला माल कुणीतरी रोख पैसे मोजून घेतं, त्याच्याकडून आणखी मोठा व्यापारी घेतो. तो घेणारा आपल्याच शहराच्या कडेला, कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये दिवसाढवळ्या बसलेला असतो. नव्या संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे, चोराएवढीच. पण जाणूनबुजून घेतला हे सिद्ध कसं करायचं, जर त्या डब्यावर गाडीचा नंबर नाही आणि दुकानात वही नाही?

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिच्या टोयोटा प्रियसचा कन्व्हर्टर २०२२ मध्ये असाच गेला. तिकडे त्या गाडीवर चोरांचा डोळा असतो, तसा इथे इकोवर. तिने सांगितलं की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिकडच्या केंद्रीय यंत्रणांनी पाच राज्यांत मिळून २१ जणांना पकडलं किंवा आरोपी केलं, आणि त्यांत चोरून आणणाऱ्यांबरोबर विकत घेणारे आणि पुढे पाठवणारेही होते. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात कन्व्हर्टर घेणाऱ्याला तो कोणत्या गाडीचा, कुठल्या वर्षाचा, चासी नंबर काय, हे नोंदवून ठेवावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख द्यायलाच कायद्याने बंदी आहे. २०१३ चा कायदा आहे त्यांचा. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी गाड्या मोडीत काढण्याची नोंदणीकृत केंद्रं सुरू झाली आहेत. मग कन्व्हर्टर फक्त तिथेच, गाडीच्या कागदासह, आणि पैसे बँकेतूनच, असा नियम का होऊ नये? आणि कंपन्यांनी कारखान्यातच त्या डब्यावर चासी नंबर कोरून दिला तर कितीसा खर्च वाढेल? काचांवर नंबर कोरून घेतो आपण.

तोवर मी केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडो. वेल्डिंगवाल्याकडून १० मिलिमीटरच्या गजांची जाळी करून कन्व्हर्टरच्या खाली बसवून घेतली. २,२०० रुपये लागले. सीएनजीची गाडी असेल तर गाडीवर वेल्डिंग मुळीच करू देऊ नका. जाळी बाहेर जोडून आणावी, बोल्टने बसवावी आणि बोल्टची डोकी शेवटी कापून गोल करावीत, म्हणजे पाना लागत नाही. जाळी अंगाला चिकटलेली नको, बोटभर तरी जागा सोडावी, कारण गाडी चालताना तो डबा शेकडो अंश तापतो. ताडपत्री, सुतळी, गोणपाट असलं काही तिथे बांधू नका. डब्यावर मी गाडीचा नंबर पंचने ठोकून घेतला आणि त्याचा फोटो तारखेसह मोबाइलमध्ये ठेवला. एक बाजू भिंतीला टेकवून गाडी लावते. दुसऱ्या बाजूला शेजारच्या बेकरीवाल्या भाऊंची गाडी, त्यांच्या पलीकडे तिसरी. आमच्या ओळीतल्या सहाही इकोंना आता जाळ्या आहेत.

पोलीस आयुक्तालयाकडे माझी मागणी एवढीच आहे की, अंबड, सातपूर आणि शहराच्या कडेची भंगाराची दुकानं एकदा या एका वस्तूसाठी तपासावीत. सुटे कन्व्हर्टर किती पडलेत, फोडलेले डबे किती, भुकटीची पोती कुठे जातात आणि त्यांच्या पावत्या आहेत का, हे विचारावं. माझ्या गाडीचा तपास अजून चालू आहे. जबाबात मी त्या पुठ्ठ्याचंही सांगितलं आहे; तो मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, मागितला की आणून देईन.

गाडी रोज रात्री रस्त्यावरच उभी असते, म्हणून माझं नाव आणि पूर्ण पत्ता छापू नये, ही विनंती.

आपली,
एक डबेवाली, सिडको, नाशिक