वग कापला, म्हणून आम्ही म्हाताऱ्या झालो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तमाशातल्या वयस्कर बायकांवर लेख आला होता. लिहिणाऱ्याने मायेनं लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार फोटोबद्दल आहे. घुंगरांचे चाळ मांडीवर घेऊन दाराबाहेर बघत बसलेली म्हातारी. असला फोटो दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे छापून येतो. फोटोवाल्यानं सांगितल्याशिवाय कुणी बाई चाळ मांडीवर घेऊन बसत नाही हो. चाळ पेटाऱ्यात असतात आणि बाई दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो तोडायला गेलेली असते.

मी 58 वर्षांची आहे. ढोलकी फडाच्या, म्हणजे तंबू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तमाशात परकर-पोलक्यात असताना आले, ती अजून तिथेच आहे. आई फडातच होती, त्यामुळे मला कुणी पळवून आणलं, फसवून आणलं असं काही नाही. लेखात म्हटलंय, की नर्तकीचं वय झालं की तिचं आयुष्य संपतं. मला एवढंच सांगायचं आहे, की वयानं आमचं काम संपत नाही. वग, म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं नाट्य, कापला की संपतं.

ज्यांनी अलीकडेच तमाशा पाहिला असेल त्यांना हे कळायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तमाशाची रीत अशी: आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा खेळ, मग बतावणी म्हणजे विनोदी बोलणी, मग रंगबाजी म्हणजे लावण्या आणि हल्ली सिनेमाची गाणी, आणि शेवटी वग. आमच्या लहानपणी रंगबाजी संपेतो मध्यरात्र व्हायची आणि खरा खेळ तिथून सुरू व्हायचा. वग पहाटेपर्यंत चालायचा. बायाबापड्या पोरांना गोधडीत गुंडाळून आणायच्या आणि वग संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. सकाळी पुन्हा हजेरी म्हणजे गावासमोर थोडा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा.

वगात माणसं लागतात. राजा, प्रधान, सावकार, पाटील, दरोडेखोर, आणि त्यांच्या आया, बायका, सासवा, मावश्या, दाया. नाचायला पंचविशीची पोर लागते, हे मला मान्य आहे. माझा उजवा गुडघा मलाही ते रोज सांगतो. पण राजाची आई पंचविशीची कशी चालेल? पूर्वी बाईचा फडातला प्रवास ठरलेला असायचा. आधी गवळणीच्या रांगेत मागे, मग रांगेत पुढे, मग एकटीची लावणी, मग वगातली नायिका, आणि केस पिकायला लागले की वगातली आई नाहीतर सासू. कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण प्रत्येक वयाला जागा होती. आई झाली म्हणजे कमी झाली असं नव्हतं. उलट शेवटच्या प्रवेशाला प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढायचं काम तिचंच.

आणि वग पाठ करून होत नाही. कथा बांधलेली असते, प्रवेश बांधलेले असतात, पण बोलायचे शब्द त्या त्या रात्री त्या त्या गावचे असतात. एका दुष्काळी साली आम्ही माणदेशात होतो. गावाला पाणी टँकरनं येत होतं. मी राजाची आई, दरबारात बसलेली. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, शिपाई होऊन आला आणि वगात नसलेलंच बोलला, "आईसाहेब, टँकर आलाय!" मी म्हटलं, "येऊ दे की. आधी सरपंचाच्या हिरीत रिकामा होईल, मग उरला तर राज्यात येईल." समोर पहिल्या रांगेत फेटा बांधून सरपंच बसलेला. सगळा तंबू त्याच्याकडं वळून हसला. त्याला हसावंच लागलं. सकाळी हजेरीला त्यानंच सगळ्यांदेखत बक्षीस दिलं, आणि बायका सांगत होत्या की टँकर चौकात थांबलाय. माझ्यामुळं थांबला असं मी म्हणणार नाही. पण सोंगाड्यानं टाकलेला शब्द पडू न देता उचलायचा, राजाच्या आईच्या तोंडचाच वाटला पाहिजे, आणि सरपंचाला झोंबला पाहिजे पण चिडता येता कामा नये, हे विशीत जमत नाही. मला चाळिशीनंतर जमायला लागलं. म्हणजे ज्या वयात मी खरी कामाची झाले, त्याच वयात फडात वग आखडायला लागला.

वग का आखडला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. आवाजाचा नियम आहे, तो असावाच. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण दहाच्या आत खेळ बसवायचा तर सुरू कधी करायचा, हे आमच्या हातात असतं का? जत्रेत खेळ आठचा असतो. साडेआठला कमिटीचे लोक माईक घेतात. मग आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ग्रामस्थ मुंबईकर मंडळ, अमक्याला शाल, तमक्याला फेटा. सत्कार होईतो सव्वानऊ. गण-गवळण उरकली की पुढची पोरं ओरडायला लागतात, गाणी होऊ द्या. गाणी होतात. पावणेदहाला हवालदार विंगेत येऊन घड्याळ दाखवतो. राहिलेल्या पंधरा मिनिटांत वग. त्यात राजाला आई असायचं कारणच काय? सोंगाड्या, एक तलवार, एक मरण, आणि पडदा.

त्यात 2020 सालचा पाडवा आला. पाडवा होता 25 मार्चला, आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नारायणगावात फडांच्या राहुट्या उभ्या होत्या, गावोगावच्या कमिट्या खेळ ठरवायची सुपारी द्यायला यायच्या त्या ऐन वेळी. पुढच्या वर्षीही जत्रा झाल्या नाहीत. तमाशातल्या मोठ्या कलावंत कांताबाई सातारकर त्याच 2021 च्या मे महिन्यात गेल्या. त्यानंतर फड पुन्हा उभे राहिले, पण सगळे आधीएवढे राहिले नाहीत. मालकाला डिझेल, गाड्या, कलावंतांना आगाऊ द्यायची उचल, सगळंच जड झालं. माणसं कमी करायची म्हटल्यावर आधी कोण कमी होणार? सुपारी देणारा विचारतो, "पोरी किती आहेत?" वगात कोण आहे असं कुणी विचारत नाही. मालकाला मी दोष देत नाही.

आमचे मालक माझ्या कडेवर खेळलेले आहेत. मला अक्का म्हणतात. मागच्या महिन्यात घरी आले, चहा झाला, आणि म्हणाले, "अक्का, यंदा भटारखान्याकडं बघता का? उचल तेवढीच देतो, रुपाया कमी नाही." भल्या मनानंच म्हणाले. साठ-सत्तर माणसांचं दोन वेळचं रांधणं हे काही हलकं काम नाही, आणि कित्येक बायका बोर्डावरून उतरल्या त्या आधी तिथंच गेल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. घरात दोन नाती शिकताहेत. पण पैसा तेवढाच आहे म्हणजे गोष्ट तीच आहे, असं मात्र कुणी समजू नये.

एक गंमत सांगते. तमाशात म्हातारीचं सगळ्यात मोठं काम गवळणीत आहे, मावशीचं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढं चालणारी, पेंद्याशी भांडणारी, कृष्णाला दम देणारी मावशी. तमाशात म्हाताऱ्या बाईला एवढा हशा दुसरीकडं कुठं मिळत नाही, आणि ते काम रीतीनं पुरुष करतो! एकदा आमच्या मावशीला ताप भरला, तेव्हा ते मी केलं. तोंडावर पदर घेऊन, कमरेत वाकून, त्याच्याच चालीनं. प्रेक्षकांत काही फरक पडला नाही. विंगेतले बाप्ये मात्र गप्प झाले. दुसऱ्या दिवशी तो ताप अंगावर घेऊन उभा राहिला. कला जायला नको म्हणून, की जागा जायला नको म्हणून, ते त्यालाच माहीत.

लेखात तमाशातल्या नामवंत कलावंत विठाबाईंचं नाव आहे. ते असणारच. आणि त्याबरोबर तीच एक गोष्ट, बाळंतपणाची. खेळ चालू असताना कळा आल्या, बाळंत झाल्या, पुन्हा बोर्डावर आल्या. ती गोष्ट मोठीच आहे. पण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 ला आणि 1990 ला राष्ट्रपतींचं पदक मिळालं, ते बाळंतपणाबद्दल नव्हे. त्या गात कशा, वगात उभ्या कशा राहत, समोरच्याचं वाक्य कसं झेलत, यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. कांताबाई वगात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करत, हे तरी किती वाचकांना ठाऊक आहे? एवढी मोठी नटी, पण बातमीत लावणीसम्राज्ञी. तमाशातल्या बाईला नटी म्हणायचं तुमच्या लोकांच्या हातून का होत नाही, कळत नाही. नाटकातली बाई साठीला आईची भूमिका करते, तर ती ज्येष्ठ अभिनेत्री. आम्ही तेच करतो, तर उतारवयातली नर्तकी.

याचा तोटा नुसता मानाचा नाही. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. एप्रिल 2024 पासून महिन्याला सरसकट 5000 रुपये झाले, ही चांगली गोष्ट झाली. वयाची अट 50, ती मी केव्हाच ओलांडली. पण किमान 15 वर्षं कला केल्याचा पुरावा लागतो. मी अर्ज घेऊन गेले, तर खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "कार्यक्रमपत्रिका आहेत का? पेपरातली कात्रणं? प्रमाणपत्रं?" मी जत्रेची जुनी हँडबिलं नेली होती. त्यावर मालकाचं नाव बोटभर अक्षरांत, मग दोन-चार पोरींचे फोटो, आणि तळाला "सह नामांकित कलावंतांचा संच". ते मला म्हणाले, "यात तुम्ही कुठं आहात?" मी म्हटलं, "संचात." ते हसले, मीही हसले. अर्ज तिथंच राहिला.

आता नाव छापायची चाल नव्हती, तर कात्रण आणायचं कुठून? पण फडाकडं उचलीची वही असते. दर हंगामाला कुणी किती उचल घेतली, कधी फेडली, खाली सही नाहीतर अंगठा. माझा अंगठा आधी आणि सही नंतर, दोन्ही त्या वह्यांत आहेत. याहून पक्का पुरावा कुठल्या कात्रणात असतो? मालकाचा दाखला आणि ती वही ग्राह्य धरावी, एवढं जिल्ह्याच्या निवड समित्यांनी ठरवलं, तर कितीतरी बायकांचं काम होईल. ज्यांचे फड मोडले आणि मालक वारले, त्यांच्यासाठी ज्या गावांत त्यांनी वर्षानुवर्षं हजेरी लावली, त्या गावच्या ग्रामपंचायतीचं पत्र चालावं. यात सरकारची तिजोरी काही रिकामी होणार नाही.

मानधन मिळालं तरी मला काम हवंच आहे, हेही लिहून ठेवते. लेखाच्या शेवटी वाचकांना मदतीचं आवाहन केलंय. ज्यांना दवाखाना आहे, औषधं आहेत, त्यांना ती जरूर करा. मला मदत करायची असेल, तर ती जत्रा कमिट्यांनी करावी. चैत्रात नारायणगावला राहुटीत सुपारी द्यायला याल, तेव्हा पोरी किती हे विचारा, त्याबद्दल माझा राग नाही, त्याही पोट घेऊनच आल्यात. पण त्याबरोबर वग कोणता, तो किती वेळ होणार आणि वगात कोण कोण आहे, हेही विचारा, आणि सुपारीच्या कागदावर लिहून घ्या. सत्कार दुपारी कुस्त्यांच्या आखाड्यावर उरका. खेळ सातला सुरू करा. सातला सुरू झाला तर दहापर्यंत दीड तासाचा वग आरामात बसतो, आम्ही बसवून देऊ. गेल्या चैत्रात सातारा जिल्ह्यातल्या एका गावानं असंच केलं होतं. म्हातारी माणसं तर होतीच, पण गाण्यांना ओरडणारी पोरंही शेवटपर्यंत बसली होती. मालकांनी ते पाहिलंय. दोन-चार गावांनी आणखी विचारलं, तर भटारखान्याला दुसरी बाई बघतील.

पत्र लांबलं. काटछाट करायची तर मावशीचा भाग काढा, हँडबिलाचा ठेवा. नाव छापू नये ही विनंती, दसऱ्याची बोलणी अजून व्हायची आहेत.

आपली,
एक तमाशा कलावंत,
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर