गाडी बदलायचं इंग्रजी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्रवासाच्या इंग्रजीचा तक्ता वाचला आणि रात्री झोप लागली नाही. 'ट्रान्झिट', 'इंटरचेंज', 'अलाइट', 'डिसएम्बार्क'! हे शब्द बोर्डावर ठीक आहेत. बसमधून उतरणारा माणूस बोलताना 'गेट ऑफ' म्हणतो, आणि नेमका तोच शब्द तक्त्यात नाही.

संताप यासाठी की हेच शब्द क्लासला पैसे भरून शिकलेला माझा भाचा गेल्या महिन्यात पिंपरीत मुलाखतीला गेला. कोथरूडहून रोज कसा येणार, एवढंच इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, 'आय विल इंटरचेंज द मेट्रो.' समोरचे दोघं हसले. पुढच्या एकाही प्रश्नाला त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी पोरगं आमच्या जिन्यात बूटही न काढता बसून होतं.

मी पुण्याच्या शहर बससेवेत, आधी पीएमटीत आणि २००७ नंतर पीएमपीएमएलमध्ये कंडक्टर होतो. घरात एक जुनं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, होतं, त्याच्या पाठीवर त्याला लिहून दिलं: 'आय गेट ऑन ॲट वनाज, चेंज ॲट डिस्ट्रिक्ट कोर्ट अँड गेट ऑफ ॲट संत तुकारामनगर.' डिस्ट्रिक्ट कोर्टला वनाजची मेट्रो वर पुलावर येते, पिंपरीची, म्हणजे पर्पल लाइन, जमिनीखालून सुटते, सरकत्या जिन्यांनी खाली जायचं, हे त्याला पाठ आहे. अडलं ते एका 'चेंज ॲट'वर. जिथं बदलायची तिथं 'ॲट', जी धरायची तिला 'टू': 'चेंज टू द पर्पल लाइन'.

मराठीत आपण 'गाडी बदलली' म्हणतो, म्हणून आमची मुलं 'चेंज द बस' म्हणतात. इंग्रजीत 'चेंज बसेस', कारण एक सोडून दुसरी धरली, गाड्या दोन झाल्या. रिक्षाचं आणखी वेगळं. तिथं 'गेट इन', आणि उतरताना 'गेट आउट ऑफ द रिक्षा'. नुसतं 'गेट आउट' म्हटलं तर समोरच्याला हाकलल्यासारखं होतं. असं कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, त्या क्लासने नाही तर निदान आपण.

शिवाय तक्त्यात गडद निळ्यावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं. माझ्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही वाचवत नाहीत. पुढच्या आठवड्यात तक्त्याऐवजी हे बोलण्यातले चार शब्द छापा, काळ्या शाईत, ठळक. भाच्याची पुढची मुलाखत त्यानंतर आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, कोथरूड, पुणे