गॅलरीचं दार आणि आजीची उशी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद. फोनवर बोललो असतो पण तू "हो बाबा हो बाबा" करून ठेवून देतोस, म्हणून टाइप करतोय, सावकाश वाच.

गणपतीला येतोयस ना, आजी रोज विचारते. तिचा ऑक्सिजन चालूच आहे, मिनिटाला २ लिटर, दिवसातले १५-१६ तास. मागच्या वेळी तू गेल्यावर तुळशीच्या कुंडीत सिगरेटची दोन थोटकं सापडली, आईला दिसायच्या आत मी उचलली. ओरडणार नाहीये, कोणत्या तोंडाने ओरडू, त्याच गॅलरीत मीही ओढायचो हे तुला माहितीये.

ऑक्सिजनचं मशीन बसवायला तो पोरगा आलेला आठवतो का? फिल्टर आठवड्याला धुवा, बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घाला, सगळं सांगून झालं आणि जाता जाता विचारलं, घरात कोणी सिगरेट ओढतं का? मी नाही म्हणालो. तूही नाही म्हणालास. एकाच दमात. त्याने कागदावर टिक केली आणि गेला.

आता परवाचं ऐक. श्रावणी सोमवार, आजी ऐकते कुठे, नळी नाकात तशीच आणि बसली देवापुढे. नीरांजन ओवाळताना जरा पुढे वाकली आणि ती हरभऱ्याएवढी ज्योत एकदम बोटभर वर आली, पांढरीफेक. पदर वाचला, कपाळावरचे चार केस जळले, वास घरभर. मी नीरांजन खेचलं तर तूप माझ्या हातावर, डाग आहे अजून. ती म्हणते, महादेव प्रसन्न झाला वाटतं. हसलो सगळे, पण रात्री मला झोप नाही.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, मशीनमधून येतो तो ९० च्या आसपास. तो स्वतः पेटत नाही, पण पेटलेलं भडकवतो, आणि कपड्यात, केसात, अंथरुणात मुरून बसतो. आजीची गोधडी जुन्या सुती साड्यांची, त्यात नळी प्लास्टिकची, एक ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळायचा नाही. नळी काढून पलंगावर टाकली आणि मशीन चालूच राहिलं तर ऑक्सिजन गोधडीतच भरत राहतो, आणि बंद केलं तरी लगेच काही तो निघून जात नाही, म्हणजे "तेवढ्यापुरतं बंद करू" हेही चालणार नाही. विस्तव निदान १० फूट लांब पाहिजे म्हणाले. घरी येऊन टेप लावली. गॅलरीच्या दारापासून तिच्या उशीपर्यंत चार फूट.

आई तिच्या नाकाला व्हॅसलिन लावायची तेही बंद केलंय, तेलकट काही नको म्हणे, पाण्यातलं जेल आणलंय. आणि मशीन हवा घेतं ती खोलीतलीच रे, आपला धूर त्याच्या फिल्टरला आणि तिच्या छातीला. बिचारीने जन्मात विडीला हात लावला नाही, गावाकडे चुलीपुढे फुंकणी फुंकूनच छातीची ही गत झाली.

तर यंदा आरती हॉलमध्ये, कापूर, धूप तिकडेच, आजी आतल्या खोलीत दार लोटून, आवाज जातोच तिच्यापर्यंत. फुलबाज्या खाली पार्किंगमध्ये. सिगरेट कोपऱ्यावरच्या टपरीपाशी, मी तिकडेच जातो हल्ली, पाऊस असला तरी. येऊन हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचा, मग तिच्याजवळ बसायचं. लायटर घरात आणूच नकोस. तुझ्या मित्रांनाही आधीच सांगून ठेव, मला पाहुण्यांसमोर बोलायला लावू नकोस. सोड म्हणत नाही, मला ३० वर्षांत जमलं नाही.

त्या मशीनवाल्या पोराला फोन केला, म्हटलं अरे मी खोटं बोललो होतो, ओढतात घरात, दोघं. तो म्हणाला, काका, सगळेच नाही म्हणतात.

मग आजीलाही सांगायला गेलो. ती म्हणाली, "गॅलरीचं दार उघडलं की वासावरून कळतं मला कोण होतं, तुझी वेगळी, त्याची वेगळी."

स्वारगेटवरून गाडी सुटली की मेसेज कर.

बाबा