शंभरचा बल्ब आणि तुमचं "आधी बोल"

ती. मिस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय तोडता. दोनदा प्रयत्न करून झाला. म्हणून आता लिहूनच टाकते. नातीला वाचून दाखवायला सांगा आणि मध्येच "बास झालं" म्हणू नका.

2007 साल. मी दहावीत, कराडला. आईने बिघडलेली विजेची शेगडी पिशवीत घालून मला तुमच्या बोळातल्या दुकानात धाडलं होतं. भारनियमन चालू होतं, लाइट यायला तासभर होता, म्हणून तुम्ही स्टुलाकडे बोट दाखवलंत. मी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसले. एकसर जोडणीत (तुमची शिरीज) रोधांची बेरीज, समांतर जोडणीत (तुमची पॅरलल) एक भागिले आर, म्हणजे एक भागिले रोध, यांची बेरीज. सूत्रं तोंडपाठ होती. चाचणीत पाचपैकी दोन मार्क पडले होते, कारण गणितात बल्ब आला की माझी पाटी कोरी. वर्गात प्रश्न विचारला तर "सूत्र लिहून काढ दहा वेळा" असं उत्तर मिळायचं. तेही काढलं होतं.

तुम्ही पुस्तकात डोकावून म्हणालात, "चाळीसचा आन् शंभरचा बल्ब शिरीजमध्ये लावला तर कोणचा जास्त पेटंल?"

मी म्हटलं, शंभरचा. हे काय विचारणं झालं?

तुम्ही काही बोलला नाहीत. खडूने शटरच्या आतल्या बाजूला "शंभर" असं लिहिलंत. लाइट आली तशी लाकडी फळीवरच्या दोन होल्डरात दोन बल्ब लावलेत, वायर एकातून दुसऱ्यात घेतलीत आणि मला म्हणालात, "बटण तेवढं तुझं. बाकी कशाला हात लावायचा न्हाय." मी बटण दाबलं. चाळीसचा पिवळाधमक पेटला. शंभरच्या आत नुसती तांबूस तार दिसत होती, देवघरातल्या उदबत्तीच्या टोकासारखी.

तो खडूचा "शंभर" संध्याकाळपर्यंत शटरवर होता. गिऱ्हाइकं वाचत होती.

आज मी हे फळ्यावर दोन मिनिटांत मांडते. 230 व्होल्टवर शंभरच्या बल्बचा रोध 529 ओहम, चाळीसचा सुमारे 1322. एकसर जोडणीत दोघांतून करंट एकच जातो, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. आकडे घातले तर चाळीसच्याला 164 व्होल्ट येतात, शंभरच्याला 66. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा पडतो, कारण शंभरची तार पुरती तापतच नाही आणि तिचा रोध खालीच राहतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं की वॉटचा आकडा हा बल्बचा स्वभाव नाही, पूर्ण 230 मिळाले तर तो काय करेल याचा तो करार आहे.

मग शेगडी उघडलीत. जुनी, चिनी मातीच्या प्लेटची, दोन स्प्रिंगा आणि तीन खटक्यांचं बटण असलेली. एक स्प्रिंग तुटली होती. तुटलेली टोकं ओढून पिळून जोडली की झालं, असं आमच्या शेजारच्या काकू नेहमी करायच्या, आणि त्यांची शेगडी दर महिन्याला जायची. का जायची ते तुम्ही सांगितलंत: दर वेळी जळकं टोक तोडून टाकायचं म्हणजे तार आखूड, तार आखूड म्हणजे रोध कमी, रोध कमी म्हणजे करंट जास्त, आणि उरलेल्या तारेवर ताण आणखी. अख्खी स्प्रिंग म्हणजे तुकड्यांची शिरीजच की. त्यातला एक तुकडा काढला की बाकीच्यांना त्याच्या वाटचं व्होल्टेज सोसावं लागतं.

नवी स्प्रिंग बसवल्यावर तुम्ही बटणाच्या मागच्या वायरी दाखवल्यात. मंद खटक्यावर दोन्ही स्प्रिंगा चालू. मध्यमवर एकच. मोठ्यावर पुन्हा दोन्ही. मी म्हटलं, काका, कुणीतरी चुकवलंय, मंदवर दोन आणि मध्यमवर एक कशी?

"आधी बोल. मंदवर किती वॉट?"

मी बोलले, दोन हजार. शटरवर तेही गेलं.

मग पंख्याच्या कॅपॅसिटरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिलात. एकेक स्प्रिंग हजार वॉटची, म्हणजे 53 ओहम. मंदवर त्या एकापाठी एक, 106 ओहम, पाचशे वॉट. दोघींत मिळून पाचशे! मध्यमवर एकटी, हजार. मोठ्यावर दोघी शेजारीशेजारी, साडेसव्वीस ओहम, दोन हजार. त्याच दोन स्प्रिंगा नुसत्या जोडण्याच्या पद्धतीने चौपट फरक करतात. तो पुठ्ठा माझ्याकडे अजून आहे, तेलाचा डाग पडलेला.

माझी खरी गाठ सुटली ती पॅरललपाशी. रोध म्हणजे अडथळा, हे पुस्तकाने डोक्यात घट्ट बसवलं होतं. अडथळ्यात अडथळा घातला तर अडचण वाढायला हवी. मग समांतर जोडणीत एकूण रोध सगळ्यांत लहान रोधाहूनही कमी कसा? सूत्राने उत्तर यायचं, मनाला पटायचं नाही. हे विचारलं तेव्हा तुम्ही मागच्या फळीवरून एक वितळलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढलात. त्यावर कुणीतरी हजारची इस्त्री आणि दीड हजारचा पाणी तापवायचा रॉड एकदम लावला होता. मी हिशेब केला: इस्त्री 53 ओहम, रॉड 35, दोन्ही मिळून फक्त 21. करंट जवळपास 11 अँपिअर, आणि बोर्ड पाचचा. "अगं, दुसरी वस्तू लावली म्हणजे तू वाट वाढवलीस की," म्हणालात. इस्त्रीला रॉडचा पत्ताही नसतो, तिचे 230 तिला मिळतातच. बेरीज सोसते ती बोर्डाची बिचारी वायर. तो काळा पडलेला सॉकेट नाकाला लावून मी वास घेतला होता. तो वास आला की आजही मला एक भागिले आर आठवतं. हसू नका.

तेव्हाच तुम्ही आणखी एक मोडून काढलंत. "करंट सोप्या वाटेनं जातो" हे वाक्य प्रत्येक वायरमनच्या तोंडी असतं, माझ्याही होतं. तुमच्या मते ते अर्धं खोटं. तो सगळ्या वाटांनी जातो, सोपीनं जास्त, अवघडीनं कमी. तसं नसतं तर शंभरचा बल्ब लावल्यावर त्याच्या बाजूचा चाळीसचा विझला असता.

आता तुमच्या सिरीज बोर्डाबद्दल. दुरुस्तीला आलेली कुठलीही वस्तू थेट प्लगला लावायची नाही, आधी शंभरच्या बल्बमधून न्यायची, हा तुमचा नेम. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. आत तार तुटली असेल तर बल्ब पेटतच नाही. मी पहिल्यांदा चांगली इस्त्री लावली, तर बल्ब भगभगीत. मी लगेच, "शॉर्ट!" शटरवर "शॉर्ट" लिहिलं गेलं. मग तुम्ही इस्त्री काढून टेस्टची दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीनं धरून एकमेकांना टेकवलीत. बल्ब तेवढाच... नाही, थोडा जास्त. पुन्हा इस्त्री, थोडा कमी. पाचसहा वेळा केलंत, माझी नजर बसेपर्यंत. इस्त्रीचा रोध बल्बच्या एक दशांश, 53 आणि 529. तिच्या वाट्याला 21 व्होल्ट येतात, बल्बला 209. तेवढ्यानं बल्ब शंभरऐवजी 83 वॉटवर जळतो. हा फरक तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, मान न वळवता, समोरच्या भिंतीवरच्या उजेडावरून ओळखायचात. मला अजून जमत नाही.

मल्टिमीटरचा किस्सा तर वर्गात दरवर्षी सांगते. मी शंभरचा बल्ब मोजला आणि 529 ऐवजी चाळीस ओहमच्या आतबाहेर आकडा आला. मला वाटलं मीटर बिघडला. "गार हाय न्हवं त्यो," एवढंच म्हणालात. पेटलेल्या तारेचा रोध गार तारेच्या दहापट आणि वर जातो, हे मला कळायला पुढे कॉलेज उजाडलं.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आपले सगळे हिशेब चुकायचे आणि मी चिडायचे. पुढे वाचलं की ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो, त्या खुद्द ओहमलाही हाच त्रास होता. तो जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवायचा. बॅटऱ्या स्थिर राहीनात म्हणून त्याने त्या सोडल्या, तांबं आणि बिस्मथ जोडून एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं आणि त्यातून निघणारा बारीकसा पण न हलणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वापरला. 1827 साली पुस्तक छापलं. त्याच्याकडे भारनियमन नव्हतं एवढंच.

काका, तुम्ही मला उत्तर आधी कधीच दिलं नाहीत, आणि चुकले म्हणून रागावलाही नाहीत. अंदाज घेतलात, लिहून ठेवलात, मग बटण माझ्या हातात दिलंत. माझ्या वर्गात दारामागे एक छोटा फळा आहे, तो फक्त चुकीच्या अंदाजांसाठी. नऊ व्होल्टची बॅटरी, टॉर्चचे बल्ब. 230 ला मी मुलांना फिरकू देत नाही, तेही तुमच्याकडूनच. पहिल्या तासाला चाळीसपैकी पस्तीस पोरं अजून "शंभर" म्हणतात.

तुमच्या भाच्याकडून कळलं की बोर्डावरचा शेवटचा शंभरचा गेला आणि दुकानदार एलईडी गळ्यात मारतात. एलईडीच्या पोटात सर्किट असतं, त्याला साध्या तारेसारखं वागता येत नाही. तो तुमच्या बोर्डाला काय कामाचा. पुण्यात तपकीर गल्लीत चार दुकानं फिरले, दोन मिळाले. जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेत, रविवारी घेऊन येते.

दोन्ही एकदम लावू. बोर्डावर दोन बल्ब पॅरलल, त्यांच्या पुढे तीच हजारची इस्त्री शिरीजमध्ये. इस्त्रीला किती व्होल्ट? खडू मी आणते. आधी बोला, मग बटण.

तुमची,
शेगडीवाली पोरगी