मंगळूरला शिकवायला जाणाऱ्या मुलीस

फोंडा, गोवा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मंगळूरच्या सेंट अ‍ॅन्स हायस्कुलात इतिहास शिकवण्यासाठी तुझी नेमणूक झाल्याचे कळताच तुझ्या बाबांनी मडगावहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहायला घेतल्या. माझ्या मनात मात्र त्या शाळेचे आणि माझ्या कॉलेजाचे नाते घोळत राहिले. ज्या वास्तूत तू इतिहास शिकवणार तिचा इतिहास तुला ठाऊक असावा, म्हणून सविस्तर लिहिते.

या शाळेमागे सोफी लीव्हज नावाची बाई आहे. तिचा जन्म 1823 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. वडील अँग्लिकन पंथाचे इंग्रज धर्मोपदेशक. घरचा पंथ सोडून ती कॅथलिक झाली, पुढे नन झाली आणि 1862 मध्ये कालिकतला आली. पश्चिम किनाऱ्यावर मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिकांची किती वानवा आहे, हे तिने तिथे पाहिले. मठाच्या भिंतींआड राहणाऱ्या कार्मेल नन्सची साधना आणि शाळेतले अध्यापन यांची सांगड घालणारा संघ तिला हवा होता, आणि तो तिने 1868 मध्ये फ्रान्समधील बायोन येथे स्थापन केला. तोच अपोस्टोलिक कार्मेल. आणि सोफी म्हणजेच मदर व्हेरोनिका.

त्यांनी तयार केलेल्या तीन सिस्टर 1870 च्या नोव्हेंबरात मंगळूरला उतरल्या. बायोनचे घर थोड्याच वर्षांत बंद पडले. मंगळूरचे रुजले, आणि 1921 मध्ये त्याच संघाने तिथे सेंट अ‍ॅग्नेस हे मुलींचे कॉलेजही काढले. मदर व्हेरोनिका स्वतः फ्रान्समधल्या पो येथील मठात राहिल्या व 1906 मध्ये तिथेच वारल्या. आपण आखलेले काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून दूर राहणे मला शाळा काढण्याहूनही अवघड वाटते, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर मुख्यतः त्यासाठीच आहे.

आता आपल्या गोव्याचे पाहा. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाचे बांधकाम 1606 मध्ये सुरू झाले, म्हणजे नन्सचा एवढा मोठा मठ आपल्याकडे मंगळूरच्या अडीचशे वर्षे आधी होता. पण तो जगापासून अलिप्त राहण्यासाठी बांधलेला होता. पोर्तुगालने 1834 मध्ये धर्मसंघांवर बंदी आणली आणि तो मठही हळूहळू रिता झाला. मुक्तीनंतर तीनच वर्षांनी, 1964 मध्ये, अपोस्टोलिक कार्मेलच्या सिस्टरांनी नुवेला मुलींचे कॉलेज उघडले, आणि त्यातूनच माझ्यासारख्या मुलींची वाट निघाली.

माझे वडील प्रथम तयार नव्हते. मुलगी नन्सच्या संगतीत राहून आपले देव विसरेल, ही त्यांची धास्ती खरी होती आणि त्यांना हसणे मला कधीच पटले नाही. आजीने मात्र, मुलींचेच कॉलेज आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांना राजी केले. मराठी माध्यमातून गेलेल्या मला इंग्रजी व्याख्याने डोक्यावरून जात. तेव्हा एक सिस्टर तास संपल्यावर मला व्हरांड्यात उभी करून वर्तमानपत्राचा एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावीत, अडखळले की बोट त्या शब्दाखाली ठेवून थांबत, आणि तो शब्द मी स्वतः उच्चारीपर्यंत सांगत नसत. माझ्या देवांविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. चतुर्थीच्या सुट्टीनंतर नेवऱ्यांचा डबा नेला की आधी स्टाफरूममध्ये वाटत, मग आपण घेत.

शिस्त कडक असेल, ती मनापासून पाळ. पण वर्गात एखादी तुळू किंवा कोंकणी बोलणारी पोर इंग्रजीच्या भीतीने गप्प बसलेली दिसली, तर तिच्यासाठी तासानंतरचा वेळ राखून ठेव. शाळेत जुनी हजेरीपुस्तके जपलेली असतील तर मुख्याध्यापिकांची रीतसर परवानगी घेऊन ती अवश्य चाळ. सुरुवातीच्या वर्षांत कोणाकोणाच्या मुली तिथे शिकल्या, त्यांत हिंदू घरांतल्या किती होत्या आणि कितव्या इयत्तेपर्यंत टिकल्या, हे मला जाणून घ्यायचे आहे. सापडेल ते सवडीने लिहून कळव.

तुझी,
आई